रिपोर्टमधली ‘पस सेल्स’ची ओळ

लग्नाला चार वर्षं होत आली तेव्हा बायकोच्या तपासण्यांची फाईल चांगली जाड झाली होती आणि त्यात माझ्या नावाचा एकही कागद नव्हता. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एएमएच, पाळीच्या ठरावीक दिवशी पुन्हा पुन्हा सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला एचएसजीचा एक्स-रे. एक्स-रे काढून आल्यावर ती रात्रभर पोट धरून पडली होती. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. तरीही घरात, भावकीत, हळदीकुंकवाला विषय निघायचा तो ‘हिला दिवस जात नाहीत’ असाच. माझ्याकडे बघून कुणी काही विचारलं नाही.

शेवटी सांगलीत एका नवीन डॉक्टर बाईंना दाखवलं. त्यांनी फाईल चाळली आणि हिला विचारलं, “मिस्टरांचा सीमेन रिपोर्ट कुठाय?” म्हणजे वीर्याची तपासणी. तो नाही म्हटल्यावर त्यांनी फाईल मिटून बाजूला ठेवली. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडून काही ना काही कारण असतंच, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाबरोबर, असं त्यांनी सांगितलं. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी एकदमच सुरू करायची असते. बाईची एवढी चिरफाड करण्याआधी काही शे रुपयांची, सुई न टोचता होणारी एक तपासणी नवऱ्याने करून टाकावी, एवढं साधं आहे हे. मला हे आजही सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

पहिली तपासणी तालुक्याच्या गावी केली. आधीच्या वीर्यस्खलनापासून किती दिवसांचं अंतर ठेवून या, नमुना कसा आणा, यातलं काहीच कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. घरून डबीत नमुना घेऊन थंडीच्या दिवसांत मोटरसायकलवरून गेलो आणि दिला. रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या मिलीलिटरला ३ कोटी ८० लाख होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे, म्हणजे संख्येत काही कमी नव्हतं. पुढे सरळ पोहणारे शुक्राणू मात्र १७ टक्के, ते किमान ३० हवेत. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, ‘पस सेल्स १५–२०’, म्हणजे पुवात असतात त्या पांढऱ्या पेशी.

तिथल्याच एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चिठ्ठी लिहिली. एक अँटिबायोटिक, दोघांनी घ्यायचं. कुठला जंतू आहे असं विचारलं तर म्हणाले, “पस आहे म्हणजे इन्फेक्शन आहे.” मी चिठ्ठी घेतली, पण मेडिकलमध्ये गेलो नाही.

त्याचं कारण माझ्या नोकरीत आहे. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करतो. दुधात पांढऱ्या पेशी वाढल्या की गाईच्या कासेला सूज आहे हे आम्हाला जनावर न बघताच कळतं. शेतकरी त्याला दगडी म्हणतात, पुस्तकात कासदाह लिहितात. आकडा आम्हाला सूज आहे एवढंच सांगतो. कुठल्या जंतूमुळे आहे, जंतू आहे की नाही, कुठलं औषध चालेल, हे कल्चर लावल्याशिवाय, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघितल्याशिवाय, कळत नाही. आणि आधीच इंजेक्शन मारून आणलेल्या गाईच्या दुधाचं कल्चर लावलं तर बरेचदा काहीच उगवत नाही. वीर्यातल्या पांढऱ्या पेशींचं गणित वेगळं कशाला असेल, असं माझ्या मनात आलं. डॉक्टर बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, गोळी सुरू करू नका, कोल्हापूरला युरॉलॉजिस्टना दाखवा, पुरुषांच्या वंध्यत्वाचंच काम करणारे आहेत.

कोल्हापूरला पुन्हा पहिल्यापासून तपासणी झाली. आधी दोन ते सात दिवसांचं अंतर हवं. नमुना तिथेच द्यायचा, आणि घरून आणायचाच असेल तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात पोहोचवायचा. गारठ्याने आणि उशिराने शुक्राणूंची हालचाल मंदावते, मग आकडा कमी दिसतो. कल्चरही लावायचं होतं म्हणून आधी लघवी करून, साबणाने हात आणि लिंग स्वच्छ धुऊन, निर्जंतुक डबीतच नमुना द्यायचा होता. नाहीतर कातडीवरचे जंतू डबीत जातात आणि नसलेला आजार कागदावर येतो. खोलीला आतून कडी होती, बाहेर बाकावर माणसं बसलेली होती. त्या बाकावर माझ्यासारखेच पाच-सहा नवरे होते, सगळे फोनमध्ये डोकं घालून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. इतक्या जणांना एकच प्रश्न आहे हे तिथे बसल्यावर पहिल्यांदा कळलं.

मी दुधाच्या लॅबमध्ये आहे म्हटल्यावर तिथल्या टेक्निशियन मॅडमनी मला आत बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पहिल्या काचेवर शुक्राणू होते. भरपूर होते, पण बरेचसे जागच्या जागी वळवळत होते. मध्ये मध्ये गोल पेशी. मॅडम म्हणाल्या, “या गोल पेशी म्हणजे सगळ्या पस सेल्स असं धरून बऱ्याच ठिकाणी रिपोर्ट देतात.” वृषणात पूर्ण न घडलेले, कच्चे शुक्राणूही गोलच दिसतात. नुसत्या डोळ्याने कच्ची पेशी कुठली आणि पांढरी पेशी कुठली हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी पेरॉक्सिडेजची चाचणी करतात. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशींत हे एन्झाइम असतं. रसायन घालून अर्धा तास थांबलं की त्या पेशी तपकिरी होतात आणि कच्चे शुक्राणू बिनरंगी राहतात. दुसरी काच लावल्यावर ते मला स्पष्ट दिसलं. तपकिरी ठिपक्यांचे पुंजके होते आणि बिनरंगी गोल पेशी अगदी तुरळक. मग त्यांनी चौकटी आखलेल्या काचेवर त्या मोजल्या. मिलीलिटरला ३२ लाख निघाल्या. १० लाखांपर्यंत चालतं, त्यापुढे गेलं की त्याला ल्युकोसायटोस्पर्मिया म्हणतात.

डॉक्टरांनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. पांढऱ्या पेशी जंतू मारायला ऑक्सिजनचे अतिशय तिखट रेणू सोडतात. शुक्राणू त्यात नाहक भाजून निघतो. त्याच्या बाहेरच्या पापुद्र्यात असंपृक्त मेदाम्लं खूप असतात, ती या रेणूंनी लगेच खराब होतात, पापुद्रा कडक होतो आणि शेपटीची ताकद जाते. दुसऱ्या पेशींच्या आत असल्या माऱ्यापासून वाचवणारी एन्झाइमं असतात. शुक्राणू हलका व्हावा म्हणून घडतानाच त्याच्या आतला बहुतेक द्रव टाकून दिला जातो, त्यामुळे त्याच्याकडे तो साठाही नसतो. मारा आणखी आत पोहोचला तर डोक्यातला डीएनए तुटतो. म्हणून त्यांनी डीएनए फ्रॅगमेंटेशनची तपासणीही सांगितली. माझा आकडा ३६ टक्के आला. ३०च्या वर गेला की तिथे काळजी करतात.

सूज मोजण्याचे इतरही मार्ग आहेत. न्यूट्रोफिल फुटले की इलास्टेज नावाचं एन्झाइम वीर्यात सांडतं. पेशी मोजेपर्यंत त्या फुटून गेल्या असल्या तरी इलास्टेजवरून सूज पकडता येते. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि टीएनएफ-अल्फा हे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. सूज असलेल्या वीर्यात तेही वाढलेले सापडतात. पण यांची सगळ्यांना मान्य अशी एक मर्यादा ठरलेली नाही आणि ते बरेचसे संशोधनातच मोजले जातात. “तुम्हाला त्यावर पैसे घालवायला लावणार नाही,” डॉक्टर म्हणाले. मला हा माणूस तिथेच पटला. पेरॉक्सिडेजलाही मर्यादा आहे हेही त्यांनी सांगितलं, लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी त्यात दिसतच नाहीत.

मग शोध सुरू झाला तो सूज कुठे आहे आणि कशामुळे याचा. लहानपणी गालफुगी होऊन वृषण सुजले होते का, घरात कुणाला टीबी होता का, सिगारेट ओढता का, लघवीला जळजळ होते का. आपल्याकडे टीबी वृषणाच्या वरच्या नळीत, एपिडिडिमिसमध्येही बसलेला सापडतो, म्हणून तो प्रश्न सुटत नाही. व्हेरिकोसील म्हणजे वृषणाच्या शिरा फुगलेल्या नाहीत ना, यासाठी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी झाली. मुतखड्याचा प्रश्न आला तेव्हा मी सांगितलं की कॉलेजात असताना माझं मुतखड्याचं ऑपरेशन झालंय, आत स्टेंट होता, लघवीची नळीही होती, आणि त्यानंतर अधूनमधून जळजळ व्हायची. आमच्या भागात मुतखडा इतका घरोघरी आहे की कुणी ते आजारात धरतच नाही. डॉक्टरांनी त्या ओळीखाली रेघ मारली.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाखालची, वीर्यातला काही द्रव तयार करणारी ग्रंथी. तिची तपासणी गुदद्वारातून बोट घालून करतात. हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणून लिहितो. मिनिटभराचं काम असतं. दाबल्यावर दुखलं. त्याआधीची आणि त्यानंतरची, अशी लघवी दोन वेगवेगळ्या बाटल्यांत घेतली. पहिलीत पांढऱ्या पेशी नाममात्र होत्या आणि दुसरीत भरपूर, म्हणजे सूज प्रोस्टेटकडची.

त्याच दिवशी क्लॅमिडिया, गनोरिया आणि मायकोप्लाझ्मा यांची पीसीआर लिहून दिली. हे जंतू साध्या कल्चरमध्ये सापडत नाहीत किंवा चटकन निसटतात, म्हणून जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर. कागदावर ‘एसटीडी पॅनल’, म्हणजे लैंगिक संबंधातून लागणाऱ्या आजारांच्या तपासण्या, असं छापलेलं होतं आणि हिने ते वाचलं.

परतीच्या वाटेवर एसटी स्टँडवर बसलो होतो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, एक विचारू? हे असलं कुणापासून लागतं?”

मी म्हटलं, “माझ्याकडून असलं काही झालेलं नाही.”

“मग मी पुढच्या वेळी डॉक्टरांनाच विचारते.”

“विचार. माझ्यासमोरच विचार.”

आणि तिने विचारलं. तोवर पीसीआर निगेटिव्ह आली होती आणि वीर्याच्या कल्चरमध्ये ई. कोलाय उगवला होता. डॉक्टर म्हणाले, “ताई, हा आतड्यातला जंतू. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या पोटात असतो. लघवीच्या वाटेने वर चढला की प्रोस्टेटमध्ये ठाण मांडतो. ऑपरेशन झालेल्यात, नळी घातलेल्यात तर याची शक्यता जास्तच. पीसीआर आम्ही सगळ्यांचीच करतो, कुणावर संशय म्हणून नाही.” तिने मान हलवली, आणखी दोन प्रश्न विचारले, एक तिच्या स्वतःच्या तपासणीचा, एक जेवणाखाणाचा. मला तेव्हा राग आला नाही, आताही येत नाही. चार वर्षं तिच्यावर संशय घेतला गेला होता, तिला एक प्रश्न विचारायचा हक्क होता. ज्या डॉक्टरांनी ही तपासणी लिहून द्यायची त्यांनी ती का करायची हे दोघांना समोर बसवून आधीच सांगितलं पाहिजे, हे मात्र मला ठाम वाटतं. एका छापील ओळीने घरं मोडू शकतात.

सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे कुठलं औषध त्या जंतूवर चालतं ते सांगणारा कागद बघितला तर तालुक्याला लिहून दिलेलं औषध त्या जंतूवर चालतच नव्हतं. शिवाय प्रोस्टेटमध्ये फार थोडी अँटिबायोटिकं नीट पोहोचतात, म्हणून कागदावर ‘चालतं’ दिसलं तरी ते आत उतरणारं आहे का तेही बघावं लागतं. मला दिलेल्या औषधाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुणीतरी ते वाचून मेडिकलमधून थेट घेईल. कोर्स आठवडेच्या आठवडे चालला. मध्येच पोट बिघडलं, तोंडाची चव गेली, पण गोळी चुकवली नाही. अंतर ठेवून ‘साठवून’ ठेवायचं नाही, उलट नियमित संबंध ठेवायचे, असंही डॉक्टरांनी सांगितलं. आपल्याकडे लोक नेमकं याच्या उलट सांगतात.

आईला मी स्वतः सांगितलं. ती मिरच्यांचे देठ काढत बसली होती. म्हटलं, “आई, माझ्या तपासणीत निघालंय. प्रोस्टेटला सूज आहे, औषध चालू आहे. हिला यापुढे कुणी काही बोलायचं नाही.” तिने देठ काढायचे थांबवले नाहीत. म्हणाली, “आपल्या घराण्यात कुणाला असलं काही न्हवतं.” थोड्या वेळाने परत म्हणाली, “मग औषध घे की नीट. आणि तिला म्हणावं, सोमवारचा उपास सोड आता, अंगात काही ऱ्हायलं नाही तिच्या.” त्या घरात माझ्या बायकोच्या बाजूने बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य होतं, माझ्यासाठी ते अर्धं औषध होतं.

कोर्स संपला तरी लगेच तपासणी करायची नसते. एक शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे एपिडिडिमिसमधून पार व्हायला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे आज दिसणारा शुक्राणू तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेला असतो. सूज उतरल्यावर नवीन पीक येईपर्यंत थांबायलाच हवं. हा काळ सगळ्यात जड गेला. या काळात ज्याला त्याला उपाय सुचतात. मेव्हण्याने शिलाजित आणून दिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘काउंट डबल’ करणाऱ्या पावडरी आल्या, एका ओळखीच्याने तर महिन्याला काही हजारांच्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुचवल्या. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कल्पना सरळ वाटते, ऑक्सिजनचे रेणू जाळतात तर ते विझवणाऱ्या गोळ्या द्या. पण २०२० साली अमेरिकेत मॉक्सी नावाची चाचणी प्रसिद्ध झाली, १७१ जोडपी होती. नवऱ्यांना अशा गोळ्यांचं मिश्रण किंवा औषध नसलेली, दिसायला तशीच बनावट गोळी दिली आणि शुक्राणूंच्या हालचालीत किंवा डीएनएच्या तुटण्यात काही फरक दिसला नाही. त्याच वर्षी फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंकच्या दोन हजारांहून जास्त जोडप्यांवरच्या चाचणीतही मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. मी पावडरी परत केल्या आणि त्या पैशांत हिची फळं आणि माझा पुढचा रिपोर्ट भागवला.

तीन महिने झाल्यावर त्याच लॅबमध्ये, तेवढ्याच दिवसांचं अंतर ठेवून पुन्हा तपासणी केली. पेरॉक्सिडेज दाखवणाऱ्या पेशी ४ लाखांवर आल्या होत्या. कल्चरमध्ये काही उगवलं नाही. पुढे पोहणारे शुक्राणू ३३ टक्के, डीएनए तुटण्याचा आकडा २४. मॅडमनी या वेळीही काच दाखवली, आणि मी जरा जास्तच वेळ डोळा लावून उभा राहिलो.

डॉक्टरांनी आनंद केला, पण लगेच पुढचं सांगितलं. सूज उतरवल्याने वीर्याचा दर्जा सुधारतो हे दिसतं, त्यामुळे मूल होण्याची शक्यता नक्की वाढते असं मात्र ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पांढऱ्या पेशी वाढलेल्या असूनही सहज मुलं झालेले पुरुष आहेत, आणि काही अभ्यासांत या पेशींचा वंध्यत्वाशी फारसा संबंधही दिसलेला नाही. तुमच्या बाबतीत जंतू सापडला, प्रोस्टेट दुखत होती, हालचाल कमी होती, डीएनए तुटलेला होता, सगळ्या गोष्टी एका दिशेला बोट दाखवत होत्या, म्हणून उपचार केले. नुसत्या एका रिपोर्टमध्ये पस सेल्स जास्त दिसल्या आणि दुसरा काही त्रास नाही, तर मी आधी तपासणी परत करायला लावतो. असं ते म्हणाले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्या आसपास पस सेल्स दिसल्या की अँटिबायोटिक आणि काउंट कमी दिसला की पावडर, एवढीच दोन औषधं चालतात.

आता माझ्याकडे चुलतभाऊ, शाळेतले मित्र, दूध घालायला येणारे तरुण गुपचूप विचारायला येतात. मी त्यांना लॅबमध्ये जाण्याआधी चार गोष्टी विचारून घ्यायला सांगतो. नमुना तिथेच देता येतो का, नमुना दिल्यावर किती वेळात बघतात, गोल पेशी जास्त निघाल्या तर पेरॉक्सिडेज करतात का, आणि कल्चर अँटिबायोटिकच्या आधी लावणार का. यातली एकही गोष्ट महाग नाही. आणि बायकोला सोबत न्या असंही सांगतो. तिलाही प्रश्न असतात, आणि ते तिने डॉक्टरांना तोंडावर विचारलेले चांगले.

सहा महिने नैसर्गिकपणे प्रयत्न करून बघा असं दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवलं होतं. तो काळ उलटला, दिवस राहिले नाहीत. म्हणून आता आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडायचं, करायचं आहे. त्यात वीर्य धुऊन घेतात, म्हणजे वेगवेगळ्या घनतेच्या द्रवाच्या थरांवर ठेवून फिरवतात. पांढऱ्या पेशी, मेलेले शुक्राणू आणि बराचसा कचरा वरच्या थरांत अडकतो आणि चांगले पोहणारे खाली जमतात. पेशी अशा गाळता येत असतील तर मग एवढे महिने औषध कशाला घेतलं, असं हिने विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, धुतल्याने पुढचा मारा थांबतो, पण शरीरात असतानाच जो डीएनए तुटला तो धुऊन जोडता येत नाही, आत आधी शांत करावंच लागतं. तिला ते पटलं. येत्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला बोलावलंय, मी त्या आठवड्याची रजा टाकली आहे.